सायबॉर्ग (१९८९): उरलेल्या सामानातून उभा केलेला सिनेमा आणि त्याने खाल्लेल्या शिव्या

फाटकी रीळ (शाहूपुरी, कोल्हापूर)

जग बुडाल्यानंतरच्या मारधाडपटांचा विषय निघाला की टुकार सिनेमांच्या यादीत 'सायबॉर्ग'चं नाव हमखास येतं. आला तेव्हा अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं होतं, आणि पस्तीसेक वर्षांनंतरही त्याची ओळख तीच राहिली आहे. हा सिनेमा थोर आहे असं माझं म्हणणं नाही. पण ज्या कारणांसाठी त्याला शिव्या बसल्या ती कारणं मला पटत नाहीत, आणि त्याची खरी कमतरता जिथे आहे तिथे फारसं कुणी बोट ठेवत नाही. म्हणून हा धागा.

आधी हा सिनेमा जन्माला कसा आला ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय त्याचा न्याय करता येणार नाही. कॅनन फिल्म्स ही मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांची कंपनी. ऐंशीच्या दशकात त्यांनी स्वस्तातल्या मारधाडपटांचा सपाटा लावला होता. मग मोठं काहीतरी करायचं मनात आलं आणि त्यांनी दोन सिनेमे हाती घेतले: 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स'चा दुसरा भाग आणि 'स्पायडरमॅन'. दोन्हींचा दिग्दर्शक अल्बर्ट प्यून. सेट उभे राहू लागले, कपडे शिवून झाले, सुमारे २० लाख डॉलर त्यात गेले. तोवर कंपनीचीच तिजोरी रिकामी झाली. या दोन सिनेमांच्या पात्रांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या मॅटेल आणि मार्व्हल या कंपन्यांशी झालेले करार तुटले, दोन्ही सिनेमे रद्द.

हातात उरलं काय? सेटचं सामान, कपडे आणि एक रिकामा बसलेला दिग्दर्शक. प्यूनने एका शनिवार-रविवारात नवी गोष्ट बेतली आणि सांगितलं, आहे त्या सामानात करून दाखवतो. पाच लाख डॉलरच्या आत. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनला शूटिंग झालं. नायक म्हणून झाँ-क्लॉद व्हॅन डॅम, जो आदल्याच वर्षी 'ब्लडस्पोर्ट'मुळे लोकांना माहीत झाला होता.

गोष्ट अशी: साथीच्या रोगाने जग उद्ध्वस्त झालंय. अर्धी बाई अर्धं यंत्र असलेली पर्ल प्रॉफेट न्यूयॉर्कहून अटलांटाला औषधाची माहिती घेऊन निघते. फेंडर ट्रेमोलो नावाचा लुटारूंचा म्होरक्या तिला पळवतो, कारण औषध ज्याच्या हातात, जग त्याच्या हातात. गिब्सन रिकेनबॅकर त्याच्या मागावर जातो. त्याला औषधाशी देणंघेणं नाही, जुना हिशेब चुकता करायचाय. (पात्रांची नावं गिटार आणि इतर वाद्यांच्या नावांवरून ठेवलेली आहेत, हे वाजवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल.)

७ एप्रिल १९८९ ला सिनेमा लागला. समीक्षकांनी म्हटलं, उसनी गोष्ट, भडक हिंसा, लाकडी अभिनय, कंगाल निर्मिती. एकट्या अमेरिकेत त्याने एक कोटी डॉलरच्या आसपास गल्ला केला, म्हणजे खर्चाच्या वीसपट. तेव्हा धंद्याच्या हिशेबाने तो पडलेला नाही. पडला तो लोकांच्या नजरेत.

आता 'कंगाल निर्मिती' हा जो आरोप आहे, त्यावर माझा आक्षेप आहे. सिनेमातला विहिरीचा प्रसंग आठवा. लुटारू गिब्सनने आपलं मानलेल्या एका कुटुंबाला काटेरी तारेने बांधून विहिरीवर लोंबकळत सोडतात आणि तारेचं टोक लहान मुलीच्या हातात देतात. तिने सोडलं तर सगळे खाली. सेट म्हणाल तर एक विहीर, सामान म्हणाल तर काही हात तार. कॅमेरा त्या मुलीच्या तळव्यांवर राहतो. तार सरकते, काटे रुततात, तिचा चेहरा. या प्रसंगाला एक पैशाचंही भपकेदार काही लागलेलं नाही, आणि त्याहून जास्त पैसे असते तर तो याहून चांगला झाला असता असं मला वाटत नाही.

दुसरा प्रसंग जहाजाच्या डोलकाठीचा. दलदलीत रुतलेलं जहाज, त्याच्या डोलकाठीवर गिब्सनला हातापायांनी ठोकून रात्रभर मरायला सोडलंय. सकाळी तो टाचेने मागच्या लाकडावर लाथा मारत राहतो. एक, परत एक. लाकूड करकरतं. मधे मधे विहिरीच्या आठवणी. शेवटी डोलकाठीच मोडते. व्हॅन डॅमच्या पायातली ताकद इथे गोष्टीच्या कामी आलीय, नुसती दाखवण्यापुरती नाही.

मग हा सिनेमा कमी कुठे पडतो? माझं उत्तर असं: या जगात नेमकं कशाचं दुर्भिक्ष आहे, हे सिनेमा ठरवतच नाही. माणसं खातात काय, पाणी कुठून आणतात, कशाच्या बदल्यात काय मिळतं, न्यूयॉर्क ते अटलांटा हे हजारभर किलोमीटरच्या वरचं अंतर पायी नि होडीने काटायला किती दिवस लागतात, यातलं काहीच पोचत नाही. जॉर्ज मिलरच्या १९८१ च्या 'मॅड मॅक्स २'मध्ये एक नियम आहे: पेट्रोल नाही. त्या एका नियमातून टोळ्या, तटबंदी, टँकर, शेवटचा पाठलाग, सगळं आपोआप येतं. असा नियम ठरवायला पैसे लागत नाहीत. कागद लागतो आणि वेळ लागतो. एका शनिवार-रविवारात लिहिलेल्या गोष्टीत नेमकी तीच जागा कच्ची राहिली.

कोल्हापुरात बसून हे लिहितोय याला कारण आहे. बाबूराव पेंटरांनी इथे कॅमेरा विकत न आणता स्वतः बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज हजारो गाड्या त्याला वळसा घालून जातात. अशा गावातल्या माणसांनी तरी 'पैसे नव्हते म्हणून सिनेमा वाईट' असं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

---

मंगळवार पेठ

दादा, तुमी लिवलंय झकास. पण सिनेमा टुकारच हाय.

खर्चाच्या वीसपट गल्ला म्हणता. त्यात सिनेमाचं काय कौतुक? पोस्टरवर व्हॅन डॅम होता, त्याच्या लाथा बघायला पब्लिक गेलं. मी कॅसेटवर बघितलाय, घरी भाड्यानं व्हीसीआर आणून. आमच्यातली निम्मी पोरं मधेच उठून गेली. आणि तुमी म्हणता तसं सेट उरलेले, कपडे उरलेले, समदं मान्य. पण तिकीट काढणाऱ्यानं हे का म्हणून ध्यानात घ्यायचं? त्याच्याकडनं तिकिटाचं पैसं पुरं घेतलं का न्हाई? मग त्याला सिनेमा बी पुरा पायजे.

विहिरीचा सीन भारी हाय, ते कबूल. पण एका सीनवर दीड तास तगत न्हाई. तो फेंडर नुसता वरडतोय. हिरो तोंड उघडत न्हाई. ह्याला काय हवंय, त्याला काय हवंय, शेवटपातुर कळत न्हाई. ह्येला पैशाची अडचण म्हणायची का?

---

फाटकी रीळ

मंगळवार पेठ, तुमचा शेवटचा प्रश्न हाच माझाही मुद्दा आहे. हिरोला काय हवंय हे न ठरवणं पैशाच्या खात्यात जात नाही, लेखनाच्या खात्यात जातं. पण त्या वेळच्या टीकेचा रोख 'गरिबी दिसते' इकडे होता. गरिबी दिसणं हा दोष धरला की उद्या इथल्या एखाद्या पोराने पडक्या वखारीत चांगला सिनेमा केला तरी तो आधीच नापास होणार. माझा राग त्याच्यावर आहे.

तिकिटाचं म्हणणं रास्त आहे. प्रेक्षकाने अडचणी समजून घेण्याची गरज नाही. समीक्षकाने मात्र समजून घ्यायला हव्यात, त्याचं ते कामच आहे.

---

कात्री आणि चिकटपट्टी

मी संकलनाचं काम करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

तुम्ही दोघं ज्या सिनेमाबद्दल बोलताय तो प्यूनचा सिनेमा पूर्णपणे नाहीच. प्यूनने जुळवलेली प्रत आधी प्रेक्षकांना दाखवली तेव्हा प्रतिसाद वाईट आला. मग ती त्याच्या हातातून गेली आणि व्हॅन डॅमच्या पसंतीने पुन्हा कापली गेली. वर सेन्सॉरचा प्रश्न होता: अमेरिकेत 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) शेरा मिळाला असता तर बहुतेक थेटरांनी सिनेमा लावलाच नसता, म्हणून हिंसा छाटावी लागली. बऱ्याच वर्षांनी प्यूनने आपल्या जुन्या प्रतीवरून 'स्लिंगर' या नावाने स्वतःचं रूप बाहेर काढलं. त्याला संगीतही वेगळं आहे. प्यून २०२२ मध्ये गेला, तोवर त्याला निदान एवढं करता आलं.

आता कात्रीबद्दल. आठवणींचे तुकडे एकदम न देता थोडे थोडे पेरलेत, हे चांगलंच आहे. डोलकाठीच्या प्रसंगात ते सगळ्यांत नेमके बसतात, कारण तिथे नायक हलूच शकत नाही. डोक्यात मागचं येणं साहजिक आहे. पण मारामाऱ्यांमध्ये संथगतीचा वापर इतका झालाय की कोण कुठे उभा आहे हेच हरवतं. एक माणूस लाथ मारतो, दुसरा पडतो, मधली जागा दिसत नाही. तीन लुटारू दाराशी होते, ते खिडकीपाशी कधी आले? लाथ संथगतीत सुंदर दिसते, पण जागेचा हिशेब चुकला की प्रेक्षकाला भीती वाटायची थांबते. ज्याला वाट कुठे आहे हेच कळत नाही त्याला ती बंद झाल्याचं दुःख कसं होणार?

आणि एक तक्रार, जिच्याबद्दल वर कुणी बोललं नाही. नेडी ही गिब्सनसोबत चालणारी बाई. तिला साथीचा रोग माहीत आहे, तिचं सगळं कुटुंब त्यात गेलंय, औषध अटलांटाला पोचलं पाहिजे हे खऱ्या अर्थाने फक्त तिला वाटतं. म्हणजे गोष्टीचं काळीज तिच्याकडे आहे. आणि सिनेमा तिला सारखं ढकलतो, पाडतो, बाजूला ठेवतो. नायकाला काय हवंय ते कळत नाही असं मंगळवार पेठ म्हणतात. ज्या पात्राला काय हवंय ते लख्ख माहीत होतं, तिच्याकडे कॅमेरा वळवला असता तरी पुरलं असतं. तेही फुकटात झालं असतं.

---

उद्यमनगरी

लई दिवसांनी कामाचा धागा आला. मी फॅब्रिकेशनवाला, सिनेमातलं मला पत्रा नि लोखंड तेवढं कळतं, तेवढंच बोलतो.

सायबॉर्गमधलं सामान बारकाईनं बघा. फेंडरच्या अंगावरचं कड्यांचं जाळीदार चिलखत कुठनं आलं आसंल, कुणासाठी केलेलं आसंल, पण त्याच्या अंगावर ते जुनं वाटतं. त्याला वजन हाय. हलला की कडी खाली ओढली जातात. प्लास्टिकला रंग मारून आसं होत न्हाई. आपल्याकडं शॉर्टफिल्मवाली पोरं येत्यात, म्हणत्यात, मामा, गंजल्यासारखं करून द्या. आणि घेऊन काय येत्यात, तर नवा कोरा गॅल्वनाइजचा पत्रा. त्याच्यावर तपकिरी रंग फासून घेऊन जात्यात. कॅमेऱ्यात तो रंगच दिसतो.

खरा गंज पायजे आसंल तर आधी वरचा जस्ताचा थर काढावा लागतो. ग्राइंडर फिरवा, पत्रा काळा उघडा पडू दे. मग मिठाचं पाणी मारा, उन्हात टाका, सुकला की परत मारा. पावसाळ्यात तर काय करायलाच लागत न्हाई, शेडच्या बाहेर ठेवा. कडंला आणि वेल्डिंगच्या जोडाला गंज आधी धरतो, मधे उशिरा. रंगवणारा माणूस बरोब्बर उलटं करतो, मधे भडक आणि कडा सोडून देतो. म्हणून डोळ्याला खोटं वाटतं. आणि तसल्या पत्र्याला हात लावायचा तर हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आसू दे.

भंगारात चांगलं सामान किलोवर मिळतं. तुटका गिअर, सायलेन्सर, जुनी मोटारची चाकं. ह्यात कंगाल काय न्हाई. वस्तू कशासाठी वापरली जायाची ते ध्यानात ठेवून जोडली की ती खरी वाटती. नुसती भीती दाखवायला खिळे ठोकले की ती गणपतीच्या देखाव्यातली वाटती.

---

फाटकी रीळ

उद्यमनगरी, कडेला आधी आणि मधे उशिरा! मी आयुष्यभर हे सिनेमे बघतोय, पण खोटा गंज डोळ्याला का खुपतो ते आज कळलं. मनापासून आभार.

---

नवा भिडू

सर्वांना नमस्कार. आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, आज खातं काढलं.

आम्ही कॉलेजची काही मुलं मिळून एक शॉर्टफिल्म करतोय. सगळं संपल्यानंतरचं कोल्हापूर. पैसे म्हणाल तर खिशातलेच. आमच्या मित्राकडे चांगला कॅमेरा आहे, एक पडीक खाण शूटिंगला मिळतेय, आणि दोन बुलेट आहेत. आमच्या डोक्यात बुलेटचा पाठलाग, मग खाणीत मारामारी, असं होतं. आमच्या सरांनी स्क्रिप्ट वाचली आणि म्हणाले, "असलं हॉलिवूडवाले करतात, तुम्ही घरगुती विषय घ्या." तेव्हापासून सगळे जरा खचलेत.

हा धागा वाचून परत स्क्रिप्ट काढली. आमच्या जगात कशाचं दुर्भिक्ष आहे, हे आम्हीही ठरवलेलं नाही. पेट्रोल नाही म्हणावं तर बुलेट कशा पळवायच्या? जाणकारांनी कृपया सुचवा.

---

बिंदू चौक

बाळा नवा भिडू, तुमच्या सरांचा मान राखून सांगतो, विषय सोडू नकोस. दुर्भिक्ष काय असतं ते शोधायला कोल्हापूरकराला हॉलिवूडला जायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ आठव. तू तेव्हा लहान असशील, पण घरच्यांना विचार. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद, ट्रकांच्या रांगा लागलेल्या. पेट्रोल येईना, भाजी येईना, दूध गावात येईना आणि गावाबाहेर जाईना. आणि सगळ्यांत विलक्षण गोष्ट ही की शिंगणापूर, बालिंगा इथली पाणी उपसा केंद्रंच बुडाली होती. म्हणजे शहराभोवती नजर पोचेल तिथपर्यंत पाणी, आणि घरातला नळ कोरडा. बायामाणसं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी. आमच्या गल्लीत ज्याच्या घरी जुना आड होता त्याच्या दारात पहाटेपासून माणसं. त्या माणसाने एकाही दिवशी दार लावून घेतलं नाही, हे आवर्जून लिहितो. पण त्याने दार लावलं असतं तर काय झालं असतं, एवढा प्रश्न तुझ्या सिनेमाला पुरेल.

पाण्याने वेढलेलं आणि प्यायला पाणी नसलेलं गाव. हा नियम घे. बाकीचं त्यातून सुचत जाईल. रॉकेलच्या कॅनची किंमत वेगळी आणि झाकण घट्ट बसणाऱ्या स्वच्छ कॅनची वेगळी. पोहता येणाऱ्या माणसाची पत वेगळी.

अवांतर: फाटकी रीळ यांनी पेंटरांचं नाव काढलं म्हणून भालजींचंही काढतो. १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभा केला आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे सिनेमे केले. जळालेल्या जागेवर परत कॅमेरा लावणं या गावाला नवीन नाही.

---

कात्री आणि चिकटपट्टी

बिंदू चौक काका, अंगावर काटा आला वाचून. +१

---

मर्दानी आखाडा

मारामारीवर दोन शब्द. मी मुलांना लाठी, दांडपट्टा शिकवतो.

नवा भिडू, मारामारी खाणीत कर, पण व्हॅन डॅमच्या लाथांची नक्कल करू नको. त्याची लाथ त्याच्या वर्षानुवर्षांच्या कराटेतून आलीय. तुमच्यातल्या पोरांनी ती मारली की पाय खांद्यापर्यंत जाणार नाही आणि तोल जाईल, तो कॅमेऱ्यात दिसेल. जे अंगात आहे ते वापर. कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, कुस्तीच्या तालमी आहेत. शिकलेली पोरं मिळतील.

दांडपट्ट्याचं उदाहरण देतो. पट्ट्याची मूठ खोबणीत असते, हात कोपरापर्यंत आत जातो. मनगट वळतच नाही. त्यामुळे वार येतो तो खांद्यातून आणि पायातल्या पवित्र्यातून. बघणाऱ्याला पाय दिसले नाहीत तर वार कळतच नाही. म्हणून कॅमेरा लांब ठेव, पायापासून डोक्यापर्यंत माणूस दिसू दे, आणि पवित्रा पुरा होईपर्यंत कापू नको. वरती ताईंनी जागेच्या हिशेबाचं लिहिलंय तेच मी आखाड्याच्या बाजूने सांगतोय. सरावाला धार न लावलेलं हत्यार घ्या, गर्दी लांब ठेवा. खाणीत पायाखाली खडी असते, ती आधी झाडून घ्या, नाहीतर घोटा जाईल.

अजून एक. मारामारीनंतर माणूस दमलेला दाखव. मिलर हा दिग्दर्शक होण्याआधी डॉक्टर होता, अपघात झालेली माणसं त्याने इस्पितळात बघितली होती. त्याच्या १९७९ च्या पहिल्या 'मॅड मॅक्स'मध्ये मार लागलेला माणूस पुढच्या प्रसंगात ठणठणीत नसतो. नायकाचा गुडघा जातो तो जातोच. त्या सिनेमालाही चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासच खर्च आला होता. सायबॉर्गमध्ये गिब्सनला हातापायांनी ठोकतात आणि थोड्या वेळाने तो पुन्हा लाथा मारत सुटतो. तिथे माझा विश्वास उडाला.

---

मंगळवार पेठ

मर्दानीवाल्या गुरुजींनी बरोब्बर जागा पकडली. हेच मला सांगायचं हुतं, शब्द सापडत न्हवता. हिरोला दुखतच न्हाई, मग आमाला कशाला दुखंल?

सायबॉर्ग टुकार हे माझं मत हाय तसंच ऱ्हाईल. पण नव्या भिडूला एक सांगतो. भावा, पुरात आमी नावेतनं माणसं काढली हुती. तवा कुणी कुणाशी फार बोलत न्हवतं. हात दे, पाय आत घे, म्हातारीला आधी घे, एवढंच. सिनेमात डायलॉग कमी ठेवला तर चालंल, पण माणसं काम करताना दाखव. सायबॉर्गमधली माणसं काय कामच करत न्हाईत. लुटत्यात न्हाईतर पळत्यात.

---

फाटकी रीळ

मंगळवार पेठ, 'माणसं काम करताना दाखव' हे मला माझ्या मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं ते पटलं. दुर्भिक्ष म्हणजे शेवटी रोजचं कामच: पाणी आणणं, ते झाकून ठेवणं, राखणं. सायबॉर्गमध्ये औषध हे दुर्मीळ आहे असं आपल्याला *सांगितलं* जातं. पण औषधाची वाट बघणारा एकही आजारी माणूस जवळून दिसत नाही. अटलांटाला पोचल्यावरही आपण दारापर्यंतच जातो. एका खाटेवर एक रोगी, त्याच्या उशाशी बसलेलं कुणीतरी, इतकं दाखवलं असतं तरी सबंध प्रवासाला अर्थ आला असता. खाट काही महाग नव्हती.

नवा भिडू, बुलेटचं माझं मत: एकच ठेव आणि ती पळवू नको. ढकलत आणू दे. पेट्रोल संपलेली गाडी सोडवत नाही म्हणून ढकलत आणणारा माणूस पाठलागापेक्षा जास्त सांगेल, आणि त्याला परवानगी, रस्ता बंद करणं, हेल्मेट, अपघाताची भीती, यातलं काहीच लागणार नाही. पाठलाग हवाच असेल तर पायी करा. खाणीत चढ-उतार आहेतच, कोण वर आहे कोण खाली आहे ते एकदा लांबून दाखवा, मग जवळ जा.

'स्लिंगर'बद्दल ज्यांना उत्सुकता असेल त्यांना सांगतो, चित्र स्वच्छ नाही, जुन्या टेपवरून घेतलेलं आहे. पण थेटरातल्या प्रतीशेजारी ठेवून बघितलं तर एकाच चित्रीकरणातून दोन किती वेगवेगळे सिनेमे निघतात ते कळतं. ज्यांना संकलन शिकायचंय त्यांनी जरूर बघावं.

---

नवा भिडू

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री सगळे बसलो. ठरलं ते असं: चारी बाजूंनी पूर, प्यायचं पाणी एका आडात. आड एका मुलीच्या घरात, ताईंनी लिहिलेलं वाचून गोष्ट तिच्या बाजूने सांगायची ठरवलं. तिने दार उघडं ठेवलंय. खाणीपलीकडून एक माणूस बुलेट ढकलत येतो आणि म्हणतो, दार लाव, नाहीतर मी लावतो. मारामारी एकच, आडापाशी, आणि ती झाल्यावर दोघांनाही पाणी शेंदता येत नाही कारण दोघांचेही हात कामातून गेलेत. पुढचं अजून लिहितोय.

आता अडचण: भरपूर जुने कॅन, एक गंजलेला पत्र्याचा दरवाजा आणि रहाट लागेल. उद्यमनगरी मामा, दरवाजा करून घ्यायला साधारण किती खर्च येईल?

---

उद्यमनगरी

दरवाजा नवा करू नको. माझ्या शेडच्या मागं जुन्या गोडाऊनचा एक पडलाय, दोन पावसाळं खाल्लेला. बिजागरी बदलून देतो, पत्र्याला हात लावायचा न्हाई. रहाटाचं चाक भंगारात बघू, नसलं तर फिरवून देतो लेथवर. पैशाचं नंतर. शूटिंग झालं की दरवाजा परत आणून टाक, आणि आडाच्या काठाला कठडा पक्का बांधा, मी येऊन बघितल्याशिवाय कुणाला त्याच्यावर चढू देऊ नका.

नंबर हितं टाकू नको, व्यनि (खाजगी निरोप) कर.